कथेंतील छिद्रें आणि मुलांचे प्रश्न

चिमणी-कावळ्याची गोष्ट महाराष्ट्रांत घरोघरीं सांगितली जाते. चिमणीचें घर मेणाचें आणि कावळ्याचें शेणाचें. मोठा पाऊस येतो, शेणाचें घर वाहून जातें आणि कावळा चिमणीच्या दारीं येऊन उभा राहतो. चिमणीनें एवढें मेण कोठून आणलें, तिच्या घराला दार कोणत्या सुतारानें बसविलें, असले प्रश्न चार वर्षांचें मूल कधीं विचारीत नाहीं. परंतु सांगणाऱ्याच्या चुकीनें मेणाचें घर वाहून गेलें आणि शेणाचें तेवढें शाबूत राहिलें, तर तेंच मूल अंथरुणांतून उठून बसतें आणि ‘असें कसें?’ म्हणून सांगणाऱ्याला हटकतें. या दोन वागणुकींत विरोध नाहीं. पक्षी बोलतात व घरें बांधतात, हा त्या गोष्टीचा संकेत आहे आणि तो मुलानें आरंभींच मान्य केलेला असतो. शेण पाण्यानें विरघळतें आणि मेण विरघळत नाहीं, हा मात्र त्या गोष्टीचा आधार आहे. संकेत कितीहि अद्भुत असला तरी मूल तो स्वीकारतें. आधार ढळला कीं तें स्वस्थ बसत नाहीं.

कथेनें स्वतः घालून दिलेला नियम कथेनेंच नकळत मोडला, अथवा एखाद्या महत्त्वाच्या घटनेचें कारण सांगावयाचें राहून गेलें, म्हणजे कथानकाला छिद्र पडलें असें म्हणतात. असें छिद्र कोणत्याहि कथेला पडूं शकतें. परंतु मुलांसाठीं निघालेल्या जुन्या दूरचित्रवाणी-मालिकांत, त्यांतहि विज्ञानकथांत, तीं विपुल आढळतात. पूर्वीं या मालिकांचा एक भाग आठवड्यांतून एकदां दिसे आणि पुढच्या आठवड्यापर्यंत निम्मा विसरला जाई. आज तेच भाग घरबसल्या, एकामागून एक, हवे तितक्या वेळां पाहतां येतात. त्यामुळें आजोबांच्या बाळपणीं झालेली चूक आज नातवाच्या ध्यानांत येते आणि तो घरांतील वडीलधाऱ्यांपुढें प्रश्न घेऊन उभा राहतो. हीं छिद्रें कां पडलीं आणि त्या मुलाला काय उत्तर द्यावें, या दोन गोष्टींचा विचार येथें करावयाचा आहे.

इंग्लंडांत बी. बी. सी. नें सुरू केलेली ‘डॉक्टर हू’ ही मालिका या अभ्यासाला फार सोयीची आहे. तिचा पहिला भाग २३ नोव्हेंबर १९६३ रोजीं, शनिवारीं सायंकाळीं दाखविण्यांत आला. आदल्याच दिवशीं अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली होती व लोकांचें चित्त तिकडे लागलें होतें. म्हणून पुढच्या शनिवारीं तोच भाग पुन्हां दाखवून मग दुसरा दाखविला गेला. मालिकेच्या कल्पनेमागें सिडनी न्यूमन हा कॅनडाचा गृहस्थ होता. व्हेरिटी लँबर्ट ही तिची निर्माती आणि पहिल्या कथेचा दिग्दर्शक वारिस हुसेन हा लखनौस जन्मलेला तरुण. कथेचा नायक डॉक्टर हा काळांतून आणि अवकाशांतून भटकणारा एक विक्षिप्त वृद्ध असून त्याच्याबरोबर त्याची नात सुसान आणि तिच्या शाळेंतील दोन शिक्षक प्रवास करतात. इयान हा विज्ञान शिकविणारा आणि बार्बरा ही इतिहास शिकविणारी. ही निवड सहेतुक होती. भविष्यकाळाच्या व परग्रहांच्या कथांतून मुलांना थोडें विज्ञान मिळावें आणि गतकाळाच्या कथांतून थोडा इतिहास, अशी चालकांची इच्छा होती.

या मालिकेचा मुख्य संकेत म्हणजे डॉक्टरचें यान. त्याचें नांव टार्डिस. बाहेरून तें, लंडनच्या रस्त्यांवर पोलिसांना दूरध्वनि करण्यासाठीं पूर्वीं ज्या निळ्या पेट्या उभ्या असत, त्यांपैकीं एका पेटीएवढें. आंत मात्र मोठें दालन. जेथें उतरेल तेथील परिसराला शोभेल असें रूप या यानानें घ्यावें, असा त्याचा धर्म सांगितला आहे. मग आदिमानवांच्या काळांत उतरल्यावरहि तें पोलिसांची पेटी कां राहतें? हा प्रश्न मुलांनीं विचारण्यापूर्वीं कथेंतील पात्रांनींच विचारला. दुसऱ्याच भागांत डॉक्टर आणि सुसान यांना यानाचें रूप बदललें नाहीं याचें नवल वाटतें आणि कांहीं तरी बिघाड झाला असावा असें ठरतें. व्यवहाराची अडचण उघड आहे. दर कथेला यानाचें नवें रूप उभारणें खर्चाचें होतें आणि एकच लांकडी पेटी सर्वत्र नेणें स्वस्त होतें. परंतु खर्चाची ही अडचण कथेच्या आंत ‘बिघाड’ या एका शब्दानें सामावून घेतली गेली, आणि जें छिद्र ठरलें असतें तेंच पुढें मालिकेची ओळख होऊन बसलें.

कालयानाच्या कोणत्याहि कथेला एक मोठें छिद्र जन्मतःच असतें. जो माणूस मागच्या काळांत जाऊं शकतो तो संकट येण्यापूर्वीं दहा मिनिटें आधीं जाऊन तें टाळीत कां नाहीं? यासाठीं पहिल्या लेखकांनीं यानाच्या सुकाणूंतहि दोष ठेवला. डॉक्टरला हव्या त्या वेळीं, हव्या त्या ठिकाणीं जातांच येत नाहीं. यान नेईल तिकडे जावें लागतें. ही तोड चांगली होती. पण तिनें दुसरा प्रश्न सुटत नव्हता. १९६४ मध्यें दाखविल्या गेलेल्या अॅझटेक लोकांच्या कथेंत बार्बरेला तेथील लोक देवतेचा अवतार समजतात आणि त्या अधिकाराच्या बळावर ती नरबलीची चाल बंद पाडूं पाहते. इतिहासाची एक ओळहि बदलतां येणार नाहीं, असें डॉक्टर तिला बजावतो, आणि शेवटीं तिचा प्रयत्न फसतो. कथा सुंदर आहे. परंतु हाच डॉक्टर परग्रहांवर जुलमी सत्ता खुशाल उलथून टाकतो. त्या ग्रहावरील लोकांचा तो इतिहासच नव्हे काय?

पुढच्याच वर्षीं, १९६५ च्या जुलैमध्यें, डेनिस स्पूनर या लेखकाची एक कथा आली. तिच्यांत डॉक्टरसारखाच कालप्रवास करणारा एक कपटी ‘साधु’ इ. स. १०६६ मधील इंग्लंडांत येऊन राहतो. त्या वर्षीं राजा हॅरल्डला उत्तरेकडे नॉर्वेच्या स्वारीशीं लढून लगोलग दक्षिणेस हेस्टिंग्जच्या रणांगणावर यावें लागलें आणि तेथें नॉर्मन लोकांनीं त्याचा पराभव केला. नॉर्वेचें आरमार किनाऱ्याला लागण्यापूर्वींच बुडवावयाचें, म्हणजे हॅरल्डचें सैन्य ताजें राहील आणि हेस्टिंग्जचा निकाल फिरेल, असा या साधूचा बेत असतो. डॉक्टर त्याला अडवितो. आतां बारा वर्षांचा मुलगाहि विचारील कीं, इतिहास बदलतांच येत नसेल तर साधूच्या मागें धावण्याचें कारण काय? आणि बदलतां येत असेल तर बार्बरेला तसें कां सांगितलें?

हें खरें छिद्र आहे, आणि विचारास फार उपयोगी आहे. इतिहास ‘बदलतां येत नाहीं’ हें एक विधान आणि इतिहास ‘बदलूं नये’ हें दुसरें. पहिला सृष्टीचा नियम, दुसरा नीतीचा. पहिला मोडण्याची भीतीच नाहीं, कारण तो मोडत नाहीं. दुसरा मोडतां येतो म्हणूनच त्याचें रक्षण करावें लागतें. मालिकेच्या लेखकांनीं या दोहोंची सरमिसळ केली. परंतु ज्या मुलाला ही सरमिसळ दिसली त्यानें न्यायशास्त्राचा एक महत्त्वाचा धडा आपण होऊन गिरविला, असें म्हटलें पाहिजे.

लोकप्रिय होण्याचा दंड कथेला कसा भरावा लागतो, याचें उदाहरण डॅलेक या पात्रांत सांपडतें. टेरी नेशन या लेखकानें हीं पात्रें कल्पिलीं आणि रेमंड क्युसिक या नेपथ्यकारानें त्यांना रूप दिलें. युद्धामुळें विकृत झालेले हे जीव धातूच्या कवचांत बसून फिरतात. डिसेंबर १९६३ ते फेब्रुवारी १९६४ या काळांत दाखविलेल्या सात भागांच्या पहिल्या कथेंत त्यांचा नियम स्पष्ट सांगितला होता. त्यांच्या नगरांतील जमीन धातूची असून तिच्यांतून मिळणाऱ्या स्थितिक विद्युतेवर ते चालतात. नगराबाहेर त्यांना पाऊल टाकतां येत नाहीं. डॉक्टरचे सोबती एका डॅलेकला अंगरख्यावर ओढून घेतात, त्याचा जमिनीशीं संबंध तुटतो आणि तो निश्चल होतो. विद्युत्-रोधक पदार्थ म्हणजे काय, हें एवढ्या सुबक रीतीनें मुलांना क्वचितच कोणी शिकविलें असेल. कथेच्या शेवटीं विद्युत् बंद पडते आणि सर्व डॅलेक नष्ट होतात.

पण प्रेक्षक-बालकांना ते इतके आवडले कीं त्यांना परत आणणें भाग पडलें. नोव्हेंबर १९६४ मध्यें ते परत आले ते थेट लंडनमध्यें. टेम्स नदीच्या पाण्यांतून एक वर आला आणि वेस्टमिन्स्टरच्या पुलावरून कांहीं फिरूं लागले. येथें दोन प्रश्न निघतात. जे नष्ट झाले ते परत कसे आले? आणि पुलावर धातूची जमीन कोठें आहे? पहिल्याचें उत्तर मालिकेनें चोख दिलें: पूर्वीं पाहिलेली घटना दूरच्या भविष्यकाळांतील होती, ही तिच्या फार आधींची आहे. कालयानाच्या कथेंत असें उत्तर पूर्णपणें न्याय्य ठरतें. दुसऱ्या प्रश्नासाठीं डॅलेकच्या पाठीवर तबकडीसारखी एक वस्तु बसविण्यांत आली; तिच्यावर त्यांना शक्ति मिळते असें सूचित झालें. पुढच्या कथांत ती तबकडीहि गेली आणि तो प्रश्न विचारण्याचेंच सर्वांनीं सोडून दिलें. हे सर्वभक्षक विजेते जिना कसा चढणार, हा प्रश्न मात्र मुलांनीं सोडला नाहीं. कवचांत एक माणूस बसून तें पायांनीं ढकलीत असे आणि खालीं चाकें असत, त्यामुळें पायऱ्या चढणें अशक्यच होतें. अखेर १९८८ च्या एका कथेंत डॅलेक अधांतरीं तरंगत जिना चढतांना स्पष्ट दाखविला गेला, तेव्हां कोठें त्या टिंगलीला उत्तर मिळालें.

लंडनच्या याच कथेंत विज्ञानाचा दोष आणि कथेचा दोष शेजारीं शेजारीं पाहावयास मिळतात. डॅलेक बेडफर्डशायरमध्यें खाण खणून पृथ्वीचा गाभा बाहेर काढणार आणि त्या जागीं यंत्र बसवून पृथ्वीला नौकेसारखी चालविणार, असा त्यांचा बेत असतो. पृथ्वीची त्रिज्या सुमारें ६,३७१ किलोमीटर. गाभ्याचा आरंभच सुमारें २,९०० किलोमीटर खोलीवर होतो. मनुष्यानें आजवर पाडलेलें सर्वांत खोल विवर रशियांतील कोला द्वीपकल्पांत असून तें बारा किलोमीटरांहून थोडेंसेंच अधिक खोल आहे. शिवाय गाभ्याचें वस्तुमान पृथ्वीच्या एकंदर वस्तुमानाच्या सुमारें एक तृतीयांश. तें काढून घेतल्यावर पृथ्वीचा गोल पूर्ववत् राहील, ही आशा व्यर्थ. परंतु हा विज्ञानाचा दोष झाला. कथेचा दोष याहून साधा आहे. ज्यांच्यापाशीं गाभ्यापर्यंत पोंचणारीं साधनें आहेत, ते खाणींतील दगडमाती ओढण्यासाठीं माणसांना गुलाम करून कां जुंपतात? या प्रश्नाला भूगर्भशास्त्राची गरज नाहीं. खडीनें भरलेली गाडी ओढणारे मजूर ज्यानें पाहिले आहेत त्याला तो सुचतो. उत्तर असें कीं, लेखकाला जर्मनांच्या ताब्यांत गेलेल्या देशाचें चित्र उभें करावयाचें होतें. युद्ध संपून अवघीं एकोणीस वर्षें झालीं होतीं, आणि त्या चित्राला गुलाम हवेच होते. येथें भावनेच्या सोयीसाठीं कारणाचा बळी गेला.

असल्या चुकांचें कारण लेखकांची बेपर्वाई असें मानणें अन्यायाचें होईल. पहिल्या वर्षीं या मालिकेचे ४२ भाग निघाले, म्हणजे जवळजवळ प्रत्येक आठवड्यास एक. अनेक दिवस तालीम आणि मग एका संध्याकाळीं संपूर्ण भागाचें मुद्रण, अशी रीत होती. मध्यें थांबणें आणि पुन्हां करणें महाग पडे. म्हणून नट वाक्य चुकला तरी तें बहुधा तसेंच राही. लेखक प्रत्येक कथेला वेगळा, आणि दुसऱ्यानें काय लिहिलें होतें हें तपासण्यास पुस्तक नाहीं कीं चित्रफीत नाहीं. सर्वांत मोठें कारण म्हणजे हे भाग पुन्हां कोणी पाहील अशी कोणाचीच कल्पना नव्हती. घरीं चित्रमुद्रण करण्याचें यंत्र तेव्हां लोकांपाशीं नव्हतें. खुद्द बी. बी. सी. नेंच १९६७ ते १९७८ या काळांत जुन्या फिती पुसून टाकल्या वा नष्ट केल्या, आणि त्यामुळें १९६० नंतरच्या त्या दशकांतील अनेक भाग नाहींसे झाले. जें टिकणारच नाहीं अशी समजूत आहे त्याची जोडणी कोण तपासणार?

याचीं फळें पुढें दिसलीं. समुद्रांत बुडालेल्या अटलांटिस नगरीचा नाश या मालिकेंत तीन वेळां, तीन निराळ्या कारणांनीं झाला आहे: १९६७ त एका माथेफिरू शास्त्रज्ञामुळें, १९७१ त एका परग्रहवासी सत्त्वामुळें आणि १९७२ त काळ गिळणाऱ्या एका प्राण्यामुळें. यांपैकीं शेवटच्या दोन कथांमागें तर तेच दोघे लेखक होते. दुसरें उदाहरण लष्करी अधिकारी ब्रिगेडियर याचें. १९७५ च्या एका कथेंत, तो लष्करांत असतांना डॉक्टरबरोबर काम करणारी सारा जेन आपण १९८० सालच्या आहोंत असें सांगते. १९८३ च्या कथेंत मात्र हाच ब्रिगेडियर १९७७ सालींच निवृत्त होऊन एका शाळेंत गणित शिकवीत असलेला दिसतो. गणिताच्या शिक्षकाच्या चरित्रांत वजाबाकी चुकावी, ही गंमतच होय. या दोन सालांचा मेळ घालण्यासाठीं रसिकांनीं पुढें केवढी तरी शाई खर्ची घातली आहे.

सर्वच छिद्रें हानिकारक ठरत नाहींत. १९६६ त डॉक्टरची भूमिका करणारा विल्यम हार्टनेल प्रकृतीमुळें काम पुढें चालविण्यास असमर्थ झाला. नायकच जातो, तर मालिका कशी टिकावी? तेव्हां त्या वर्षींच्या ऑक्टोबरांत वृद्ध डॉक्टर जमिनीवर कोसळतो आणि त्याच्या जागीं पॅट्रिक ट्राउटन हा दुसराच नट उठून बसतो, असें दाखविलें गेलें. त्या वेळीं यास फारसें कारण दिलें नाहीं. पुढें डॉक्टरच्या जातीला कायापालट करण्याची शक्ति आहे, असा नियम त्यांतून तयार झाला. १९७६ त एका लेखकानें, असा पालट बारा वेळांच होऊं शकतो, अशी मर्यादा घातली. तेव्हां चौथा नट काम करीत होता. बारा ही संख्या फार दूरची वाटली असावी. परंतु मालिका टिकली, मर्यादा जवळ आली, आणि डिसेंबर २०१३ मध्यें डॉक्टरला नव्या पालटांचें दान मिळालें असें दाखवावें लागलें. सुदैवानें १९८३ च्या एका कथेंत असलें दान देतां येतें असें सांगून ठेवलेलें होतें, म्हणून हें ठिगळ उसवलें नाहीं. नटाच्या आजारानें पडलेलें छिद्र बुजवितांना ही मालिका दीर्घायुषी झाली, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

तुलनेसाठीं इंग्लंडांतीलच दुसरी मालिका घ्यावी. गेरी व सिल्व्हिया अँडरसन या दांपत्याची ‘स्पेस : १९९९’ ही मालिका १९७५ ते १९७७ या काळांत मुलांसह सर्व कुटुंबें पाहत. तिच्यांत १३ सप्टेंबर १९९९ या दिवशीं चंद्रावर सांठविलेल्या अणु-कचऱ्याचा स्फोट होतो आणि चंद्र पृथ्वीपासून सुटून, तेथील माणसांसह, अंतराळांत भरकटत जातो. नंतर जवळजवळ दर आठवड्यास तो एखाद्या नव्या ग्रहाजवळ पोंचतो. आपल्या सूर्याला सर्वांत जवळचा तारा सुमारें ४.२ प्रकाशवर्षें दूर आहे. चंद्रानें सेकंदास हजार किलोमीटर एवढा प्रचंड वेग घेतला असें मानलें, तरी तेथवर जाण्यास बाराशेंहून अधिक वर्षें लागतील. हा विज्ञानाचा दोष; तो शोधण्यास त्रैराशिक यावें लागतें. एका भागांत चंद्र ‘काळ्या सूर्या’तून पार होतो असें दाखवून लेखकांनीं या दोषावर थोडें पांघरूण घातलें. परंतु दुसरा दोष त्रैराशिकावांचूनहि दिसतो. चंद्र एवढ्या वेगानें जातो म्हणावें, तर ग्रहाजवळ तो दिवसचे दिवस कसा रेंगाळतो, आणि त्यावरील माणसें विमानें घेऊन त्या ग्रहावर उतरून परत कशीं येतात? आणि तो सावकाश जातो म्हणावें, तर पुढच्या आठवड्यास दुसऱ्या ताऱ्यापाशीं कसा पोंचतो? दोन्ही बाजू एकदम खऱ्या मानाव्या लागतात, म्हणून हा कथेचा दोष होय.

मराठी घरांतील ज्यांचें बाळपण १९८० नंतरच्या दशकांत गेलें, त्यांना दूरदर्शनवरील ‘जायंट रोबॉट’ आठवत असेल. ही मूळ जपानी मालिका १९६७-६८ सालची, २६ भागांची. मूळ कल्पना मित्सुतेरू योकोयामा या चित्रकथाकाराची. एका लहान मुलाच्या हुकमतींत एक राक्षसी यंत्रमानव असतो आणि मनगटावरील घड्याळांत बोलून तो त्याला आज्ञा देतो. पृथ्वीच्या रक्षणाचें काम सैन्याच्या सेनापतीला न देतां एका शाळकरी पोराला कां दिलें, असा प्रश्न कोणीहि विचारील. पण त्याचें उत्तर पहिल्याच भागांत आहे. यंत्र सुरू झालें त्या वेळीं प्रथम जो आवाज त्याच्या कानीं पडला त्याचीच आज्ञा तें पाळणार, आणि तो आवाज त्या मुलाचा होता. एका वाक्यांत छिद्र बुजलें. शेवटच्या भागांत मात्र हा यंत्रमानव मुलाची आज्ञा न ऐकतां, जगाच्या रक्षणासाठीं, शत्रूला घेऊन आकाशांत झेपावतो आणि स्वतः नष्ट होतो. येथें मूळ नियम उघडउघड मोडला आहे. तरीहि मुलांनीं त्याला चूक म्हटलें नाहीं. पुष्कळांच्या डोळ्यांना पाणी आलें. याचें कारण असें कीं, नियम मोडला जात आहे हें कथेला ठाऊक होतें, त्या मुलालाहि ठाऊक होतें, आणि त्यांतच त्या प्रसंगाचा अर्थ सांठविलेला होता. कथेच्या नकळत जो नियम मोडतो तें छिद्र. कथेच्या संमतीनें, पूर्वतयारीनें जो मोडतो तो परमोत्कर्ष. हा भेद कोणी न शिकवितां मुलांना कळतो.

आतां घरांतील वडीलधाऱ्यांचा प्रश्न. मूल पडद्याकडे बोट दाखवून विचारतें, आणि पुष्कळ घरांत त्याला उत्तर मिळतें कीं, ‘अरे, तो सगळा खोटाच खेळ आहे, उगीच डोकें चालवूं नकोस.’ हें उत्तर दिसावयास निरुपद्रवी आहे. परंतु तें सत्यहि नाहीं आणि हिताचेंहि नाहीं. खोट्या खेळालाहि नियम असतात, म्हणून तर विटी-दांडूंत भांडणें होतात. आणि ज्या मुलाला खेळांतील विसंगतीविषयीं गप्प बसावयास सांगितलें, तें उद्यां जाहिरातींतील, भ्रमणध्वनीवर आलेल्या अफवेंतील किंवा एखाद्या चमत्काराच्या वार्तेंतील विसंगतीविषयींहि गप्प बसण्याचा संभव असतो. ‘दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या कशा?’ हें विचारण्याची संवय अशा निरुपद्रवी ठिकाणींच लागते. तेथें चूक ठरलें तरी कोणाचें नुकसान होत नाहीं.

याच्या उलट टोंकालाहि जाऊं नये. प्रत्येक दृश्याला खोट काढणारें मूल रसाला मुकतें, आणि त्याला तसें करण्याची चटक लावणारे वडील त्याहून अधिक दोषी होत. यासाठीं तीन साधे प्रश्न पुरेसे आहेत. जें खटकलें तो कथेचा आरंभींचा संकेत आहे काय? असल्यास तो मान्य करून पुढें जावें. पेटींत दालन मावतें कसें, हें विचारण्यांत अर्थ नाहीं. तो विज्ञानाचा दोष आहे काय? असल्यास पुस्तक उघडून खरी संख्या पाहावी. पृथ्वीचा गाभा किती खोल आहे हें त्या निमित्तानें कायमचें लक्षांत राहतें. आणि कथेनें आपलाच शब्द मोडला आहे काय? असल्यास मुलालाच विचारावें कीं, तूं लेखक असतास तर हें छिद्र कसें बुजविलें असतेंस? या तिसऱ्या प्रश्नाला मुलें जीं उत्तरें देतात तीं कित्येकदां मूळ लेखकांच्या उत्तरांहून सरस असतात.

या शेवटच्या प्रश्नाचें फळ ‘डॉक्टर हू’ च्याच इतिहासांत दिसतें. १९८९ त नियमित प्रक्षेपण थांबलेली ही मालिका २६ मार्च २००५ रोजीं पुन्हां सुरू झाली ती रसेल डेव्हिस या लेखकाच्या हातून, आणि त्याच्यानंतर ती स्टीव्हन मॉफट याच्याकडे आली. दोघेहि लहानपणीं ही मालिका आवडीनें पाहणारे होते. आणि बारा पालटांची अडचण २०१३ त ज्यानें सोडविली तो मॉफटच. बाळपणीं पडद्यापुढें बसून पाहिलेल्या कथेचीं छिद्रें मोठेपणीं त्यालाच बुजवावीं लागलीं.

आजच्या साधनांनीं एक सोय करून दिली आहे. पूर्वीं मुलाच्या शंकेपायीं भाग थांबविणें शक्य नव्हतें. आज तो हवा तेथें थांबवितां येतो. मूल मध्येंच ‘असें कसें?’ म्हणालें, तर तेवढा वेळ चित्र थांबवावें, त्याचा प्रश्न शेवटपर्यंत ऐकून घ्यावा, आणि त्यानें सुचविलेलें उत्तर पुढच्या दृश्यांत टिकतें कीं नाहीं हें त्याच्याबरोबर बसून पाहावें.